पेशी सगळ्यात शेवटी सापडली

सोलापुरात कुठल्याही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला जा, थर्माकोलचं हृदय आणि त्याशेजारी एक तक्ता हमखास दिसतो: पेशी, पेशींपासून ऊती, ऊतींपासून अवयव, अवयवांपासून अवयवसंस्था आणि सगळ्या संस्था मिळून शरीर. नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी मुलंही हेच पाठ करतात. तक्त्यात चूक काहीच नाही. मात्र वाचणाऱ्याचा असा समज होतो, की माणसाला शरीर याच क्रमाने उमगत गेलं असणार. घडलं जवळजवळ उलट. आधी अख्खं शरीर, मग हाडं आणि इंद्रियं, मग संस्था, मग ऊती आणि सगळ्यात शेवटी पेशी. या संस्था एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत, हे तर त्याच्याही नंतर नीट कळू लागलं. या उलट्या प्रवासाच्या खुणा आजच्या पुस्तकांत अजून आहेत, म्हणून तो माहीत असलेला बरा.

आपल्याकडचा सगळ्यात ठळक जुना पुरावा सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. शल्यकर्म करू पाहणाऱ्याने मृत शरीर तपासून घ्यावं, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. देह सगळ्या अवयवांनिशी असावा, विषाने मेलेल्याचा नसावा, दीर्घ आजाराने झिजलेल्याचा किंवा शंभरी गाठलेल्याचा नसावा. आतड्यातला मळ काढून देह मुंज किंवा कुश गवत, ताग अशा कशात तरी गुंडाळायचा आणि पिंजऱ्यात घालून वाहत्या नदीत आडोशाला ठेवायचा. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर पाहत जायचं. वाचताना अंगावर काटा येतो, पण पद्धत विचारपूर्वक आखलेली आहे. तिची मर्यादाही तिच्यातच आहे. आठवडाभर पाण्यात राहिलेल्या देहात हाडं, सांधे, अस्थिबंध टिकतात. मेंदूसारखे मऊ भाग टिकत नाहीत. सुश्रुताचं वर्णन हाडं आणि सांध्यांबाबत इतकं बारकाईचं आणि मेंदूबाबत इतकं त्रोटक का, याचं एक कारण मला इथे दिसतं.

हाडांच्या संख्येवरून पुष्कळदा वाद होतो. चरकाने 360 सांगितली, सुश्रुताने 300 आणि आज प्रौढ माणसात 206 मोजतात. यावरून जुन्यांना मोजता येत नव्हतं असं म्हणणं उथळपणाचं आहे. चरकाच्या यादीत दात आणि नखंही हाडांत धरली आहेत. सुश्रुताच्या यादीत दात आणि कूर्चा येतात. काय मोजायचं हे बदललं की बेरीज बदलते. याच ग्रंथांतली रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र ही सात धातूंची मांडणी म्हणजे शरीर कशाकशाचं बनलं आहे, याचं उत्तर देण्याचा एक प्रयत्न होता. आजच्या ऊतींशी ती ओढूनताणून जुळवण्याची काही गरज नाही. प्रश्न तोच होता, उत्तर शोधायची साधनं वेगळी होती.

पश्चिमेकडे दुसऱ्या शतकातल्या गॅलेनचा शब्द जवळजवळ तेराशे वर्षं चालला. पर्गामममध्ये ग्लॅडिएटरांचा वैद्य असल्यामुळे जखमांतून त्याला बरंच काही दिसलं, पण चिरफाड त्याने केली ती माकडांची आणि डुकरांची. त्यामुळे माणसाच्या खालच्या जबड्यात दोन हाडं, रक्त यकृतात तयार होऊन शरीरभर खर्ची पडतं, हृदयाच्या मधल्या पडद्याला सूक्ष्म छिद्रं असतात, अशा गोष्टी शतकानुशतकं शिकवल्या गेल्या. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने लिहून ठेवलं होतं, की त्या पडद्याला छिद्रं नाहीत आणि रक्त उजवीकडून डावीकडे फुप्फुसांतून फिरून जातं. ते हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात अभ्यासकांच्या नजरेस पडलं 1924 साली.

1543 मध्ये आंद्रेआस व्हेसालियसचा सात भागांचा शरीररचनेवरचा ग्रंथ बाझलमध्ये छापला गेला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि इटलीतल्या पादुआच्या विद्यापीठात शिकवत होता. त्या काळी प्राध्यापक उंच आसनावरून गॅलेन वाचून दाखवायचा आणि खाली चिरफाड दुसराच कोणी करायचा. व्हेसालियसने सुरी स्वतः हातात घेतली. गॅलेनच्या दोनशेहून अधिक चुका त्याने दाखवल्या, हे सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्या सात भागांची रांग: हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या, चेता (म्हणजे मज्जातंतू), पोटातली इंद्रियं, छातीतली इंद्रियं, मेंदू. आजच्या पाठ्यपुस्तकातली अस्थिसंस्था, स्नायूसंस्था, रक्ताभिसरण संस्था, चेतासंस्था ही प्रकरणं इथे स्पष्ट ओळखू येतात. अवयवसंस्था ही कल्पना अशी विच्छेदनाच्या टेबलावर आकाराला आली. एका जातीचं दिसणारं, एका सुरीने सलग सोडवून घेता येणारं, ते एका प्रकरणात. जिवंत शरीर या प्रकरणांनुसार चालतं का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, आणि मृत देहासमोर उभं राहून तो विचारता येणारही नव्हता. व्हेसालियसही गॅलेनच्या पकडीतून एकदम सुटला नाही. पडद्यातली छिद्रं आपल्याला दिसत नाहीत, हे त्याने आधी आडून सुचवलं. 1555 च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र उघड शंका घेतली.

शरीर कसं आहे याकडून ते चालतं कसं याकडे गाडी वळली ती विल्यम हार्वी या इंग्रज वैद्यामुळे. हाही पादुआतच शिकलेला. 1628 च्या त्याच्या छोट्या पुस्तकातला सगळ्यात धारदार युक्तिवाद म्हणजे एक साधा गुणाकार आहे. हृदयाच्या एका ठोक्याला अगदी थोडं, समजा अर्धा औंस रक्त बाहेर पडतं असं धरा. अर्ध्या तासात हजारावर ठोके पडतात. म्हणजे पाचशे औंस, आजच्या मापात चौदा किलोच्या वर रक्त झालं. इतकं रक्त यकृत अन्नापासून अर्ध्या तासात बनवू शकत नाही आणि शरीर ते खर्चूही शकत नाही. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. आजचे आकडे घेतले तर हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर, म्हणजे दिवसाला 7,200 लिटर रक्त ढकलतं. उन्हाळ्यात सोलापूरच्या गल्लीबोळांत फिरणारा पाण्याचा एखादा टँकर भरेल एवढं. आणि शरीरात मुळात रक्त असतं जेमतेम 5 लिटर.

हार्वीच्या मांडणीत एक मोठी फट होती. धमन्यांतलं रक्त शिरांमध्ये नेमकं कुठून जातं, हे त्याला दाखवता आलं नाही. 1657 मध्ये तो वारला आणि चारच वर्षांनी, 1661 मध्ये, मार्सेलो माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली धमन्यांना शिरांशी जोडणाऱ्या केशवाहिन्या पाहिल्या.

इथून भिंगाचं युग सुरू होतं आणि त्यातला एक माणूस सोलापूरकरांना जवळचा वाटावा असा आहे. डेल्फ्ट गावचा आन्तोनी फान लेव्हेनहूक कापडाचा व्यापारी होता. वैद्यकाचं शिक्षण नाही, लॅटिन येत नव्हतं. कापड व्यापाऱ्याला सुताची वीण पारखायला भिंग लागतंच. चादरी-टॉवेलच्या धंद्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. लेव्हेनहूकने स्वतः घासून बनवलेली भिंगं वस्तू दोनशे पटींहून मोठी दाखवत. लाल रक्तपेशी, दातांवरच्या किटणातले जिवाणू, शुक्राणू यांची वर्णनं तो पत्रांतून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवत राहिला. त्याआधी 1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात कप्पे पाहिले होते. तरीही आपण या कप्प्यांचेच बनलो आहोत, हे म्हणायला आणखी पावणेदोनशे वर्षं जावी लागली.

मधल्या काळात झाविए बिशा हा फ्रेंच वैद्य येऊन गेला. ऊतींचा अभ्यास त्याच्यापासून सुरू झाला म्हणतात, आणि गंमत म्हणजे त्याचा सूक्ष्मदर्शकावर विश्वास नव्हता. पॅरिसच्या रुग्णालयात मृतदेहांचे भाग उकळून, सुकवून, कुजवून, आम्लात टाकून त्याने 21 प्रकारच्या ऊती वेगळ्या केल्या. एकाच अवयवात अनेक ऊती असतात आणि एकच ऊती अनेक अवयवांत सापडते. रोग अख्ख्या अवयवाला होतो असं नाही, त्यातल्या एखाद्या ऊतीलाही होतो. हे त्याचं म्हणणं वैद्यकाला वळण देणारं ठरलं. 1802 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी तो गेला. आज शाळेत अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता अशा चारच मुख्य ऊती शिकवतात.

श्लायडेनने 1838 मध्ये वनस्पतींबद्दल आणि श्वानने 1839 मध्ये प्राण्यांबद्दल पेशी सिद्धांत मांडला. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच येते, हे 1850 च्या दशकात रेमाक आणि फिर्खो यांनी पक्कं केलं. तक्त्यातलं पहिलं घर भरलं ते असं सगळ्यात उशिरा. 2016 च्या एका अंदाजानुसार प्रौढ माणसात सुमारे 30 लाख कोटी पेशी असतात आणि त्यांतल्या पाचातल्या चारांहून जास्त लाल रक्तपेशी. म्हणजे शरीरातल्या बहुसंख्य पेशींना केंद्रकच नाही! शाळेत आपण काढतो ती केंद्रक असलेली नमुना पेशी संख्येच्या हिशेबात अल्पमतात आहे.

हे ज्ञान आपल्याकडे नव्याने आलं ते वैद्यकीय महाविद्यालयांतून. कलकत्त्याचं महाविद्यालय 1835 मध्ये निघालं आणि पुढच्याच वर्षी तिथे पंडित मधुसूदन गुप्त यांनी मानवी देहाचं विच्छेदन केलं. गुप्त मुळात आयुर्वेद आणि संस्कृतचे जाणकार होते, हे विसरू नये. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 चं. सोलापुरात 1910 मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथे युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता विद्यार्थ्यांनाही शिकवत राहिले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. खुद्द सोलापुरात हे शिक्षण मिळायला 1963 उजाडलं, डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय त्या वर्षीचं. देह मिळण्याचा कायदेशीर मार्ग 1949 च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने आखून दिला होता. बेवारस देहांबरोबर आता स्वेच्छेने देहदान करणारेही असतात आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शरीर शिकतो तो आजही व्हेसालियससारखा टेबलाशी उभा राहून.

पण टेबलावर एक गोष्ट दिसत नाही: या संस्था एकमेकींशी बोलतात कशा. ते जिवंत शरीरातच पाहावं लागतं. 1822 मध्ये अमेरिकेत एका तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला बाहेर उघडणारं भोक कायम राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि किती वेळात काय पचतं हे वर्षानुवर्षं नोंदवलं. त्या तरुणाच्या लाचारीचा यात फायदा घेतला गेला, हेही खरं. जठराचा रस रासायनिक काम करतो, हे त्यातून सिद्ध झालं. शिवाय माणूस चिडला की पचन बिघडतं, अशीही नोंद बोमाँटने केली. पचनसंस्था आणि चेतासंस्था यांच्यातली भिंत तिथेच पातळ झाली. 1902 मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या चेता तोडून तिथे आम्ल घातलं, तरी स्वादुपिंडाने रस सोडलाच. निरोप रक्तातून गेला होता. तो नेणाऱ्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं आणि अंतःस्रावी ग्रंथींचं प्रकरण खऱ्या अर्थाने तिथून उघडलं.

क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच म्हटलं होतं, की पेशी बाहेरच्या हवेत जगत नाहीत, शरीर स्वतःच्या आत राखतं त्या द्रवात जगतात. वॉल्टर कॅननने 1920 च्या दशकात त्या कल्पनेला समस्थितीचं, म्हणजे आतली परिस्थिती स्थिर राखण्याचं, रूप दिलं. ही समस्थिती अभ्यासायची तर सोलापूरचा मे महिना उत्तम. बाहेर 42 अंश आणि शरीराला आत सदतीसच्या आसपासच राहायचं आहे. मेंदूतल्या अधश्चेतकाला रक्ताचं तापमान चढल्याचं कळतं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयाचा वेग वाढतो, लाखो घर्मग्रंथी कामाला लागतात. एक लिटर घाम वाळताना 580 किलोकॅलरीच्या घरात उष्णता घेऊन जातो. पाणी कमी पडू लागलं की मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून संप्रेरक सुटतं, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात, लघवी गडद होते, तहान लागते. आपल्याकडची हवा कोरडी. घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो आणि किती पाणी गेलं याचा अंदाज येत नाही. हे सगळं कोलमडून शरीराचं तापमान 40 च्या वर गेलं आणि माणूस बरळू लागला, की त्याला उष्माघात म्हणतात. तो नेमका कोणत्या संस्थेचा आजार? त्वचेचा, हृदयाचा, मूत्रपिंडाचा की मेंदूचा? पुस्तकातल्या एकाही प्रकरणात तो पुरता मावत नाही.

गिरणीतल्या दम्याचंही तसंच. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. आजार श्वसनसंस्थेचा म्हणून नोंदला जातो, त्यामागे प्रतिकारशक्तीच्या प्रतिक्रिया असतात आणि कारण पिंजणखात्यात असतं.

पाठ्यपुस्तकातली अकरा संस्थांची यादी म्हणूनच सोयीची समजावी, निसर्गाने आखून दिलेली नव्हे. कोणी लसिका आणि प्रतिकार एकत्र धरतं, कोणी वेगळे. कोणी हाडं आणि स्नायू एकाच संस्थेत घालतं. अवयवांची यादीही बंद झालेली नाही. आतड्यांना पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणारं आंत्रबंध हे पटल तुटक तुटक आहे, असं 1885 मध्ये फ्रेडरिक ट्रीव्ह्जने सांगितलं आणि शतकभर तेच शिकवलं गेलं. लिओनार्डो दा व्हिंचीच्या चित्रात मात्र ते सलग होतं. आयर्लंडमधल्या केल्व्हिन कॉफी यांनी 2016 मध्ये ते सलगच असल्याचे पुरावे मांडून त्याला स्वतंत्र अवयव मानावं, असं सुचवलं. सगळ्यांना ते मान्य झालेलं नाही.