पाळीव गिनीपिगचे अचानक बुजणे

काल-परवापर्यंत हातातून कोथिंबिरीची काडी ओढून घेणारा, फ्रिजचे दार वाजताच ‘वीऽक वीऽक’ ओरडणारा गिनीपिग एकाएकी दडी मारून बसतो. हात दिसताच कोपरा गाठतो, पावलांच्या आवाजाने पिंजराभर सैरावैरा धावतो, नाहीतर जागीच थिजतो. रुळलेल्या जनावरातील या बदलाला बुजणे म्हणतात. नवा आणलेला गिनीपिग पहिले काही आठवडे लपून राहतो, ते बुजणे नव्हे. त्याला अजून घराची ओळख झालेली नसते. रुळलेला गिनीपिग बुजला, तर घरात काहीतरी बदललेले असते किंवा त्याच्या शरीरात काहीतरी बिघडलेले असते. यांपैकी शरीर आधी तपासावे, कारण तिथे हाताशी वेळ कमी असतो.

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीचा. तेथील लोकांनी तो काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवला. पेरूमध्ये त्याला ‘कुई’ म्हणतात. त्याचे रानटी भाईबंद उंच गवतात कळपाने राहतात आणि शिकारी पक्षी, कोल्हे यांच्या तोंडी पडतात. नखे-दात उगारून लढणे त्यांना जमत नाही. थिजणे आणि पळणे, एवढेच दोन उपाय त्यांच्याकडे आहेत, आणि पाळीव गिनीपिगने ते जसेच्या तसे जपले आहेत. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला आजूबाजूचे आणि वरचे पुष्कळ दिसते, पण अगदी नाकासमोरचे दिसत नाही आणि खोलीचा अंदाज नीट येत नाही. म्हणून वरून येणारा हात त्याच्या लेखी घारीची झडप असते, आणि घाबरला की तो उभ्या माणसाच्या हातातून सरळ खाली उडी घेतो. अशा पडण्यात पाय, दात किंवा पाठीचा कणा मोडतो.

भीतीची चिन्हे बारीक असतात. अंग ताठ होते, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, श्वास जलद होतो. घशातून ‘ड्रर्र’ असा तुटक, थरथरता आवाज येतो आणि तो ऐकताच सोबतीही थिजतो. दात कडकड वाजणे ही मात्र राग किंवा धमकी समजावी. पिल्ले आणि तरुण गिनीपिग चारही पाय उचलून हवेत वेड्यावाकड्या उड्या मारतात, तो निव्वळ आनंद असतो. नवे पालक त्याला झटका समजून घाबरतात. मादी दर १५ ते १७ दिवसांनी माजावर येते, तेव्हाची एखाद्या दिवसाची धावपळ आणि पाठलागही भीतीचा नसतो. खरी कसोटी पुढच्या अर्ध्या तासात लागते. निरोगी गिनीपिग दचकला तरी थोड्याच वेळात बाहेर येऊन गवत चघळू लागतो. जो येत नाही, केस पिंजारून, पाठ कुबडी करून, अर्धवट डोळे मिटून बसतो, तो घाबरलेला कमी आणि आजारी जास्त असतो.

वेदना भीतीसारखी दिसते, कारण शिकार होणारे जनावर दुखणे लपवते. मूत्राशयात खडा झाला तर लघवी करताना गिनीपिग कण्हतो किंवा किंचाळतो, लघवीत रक्त येते, आणि पालकांना वाटते की त्याने त्या कोपऱ्याचाच धसका घेतला आहे. खरजेच्या किड्यांनी कातडी पोखरली असेल तर पाठीला नुसता हात लागताच खाज इतकी उसळते की जनावर झटका आल्यासारखे तडफडते. मग ते हाताला घाबरणारच. क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही. दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मि.ग्रॅ. मिळाले नाही तर सांधे सुजून दुखतात आणि तो उचलू देत नाही. ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची फोड यांतून ही गरज भागते. पाण्यात औषधाचे थेंब टाकण्याचा उपयोग थोडा, कारण पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नासते. कानाचा संसर्ग, दाढांची वाढ, तळपायाच्या जखमा आणि मोतीबिंदूही तपासावेत. नजर गेलेला गिनीपिग स्पर्श झाला की उडतो. त्याला हात लावण्याआधी आवाज द्यावा.

घरातल्या कारणांत आवाज पहिला. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते, गिनीपिगला जवळपास ५० पर्यंत. उंदीर पळवण्यासाठी प्लगमध्ये लावायचे जे अल्ट्रासोनिक यंत्र आपल्याला मुके वाटते, ते त्याच्या कानात अखंड किंचाळत असते. बुजण्याचे कारण सापडत नसेल तर भिंतीवरचे सगळे प्लग आधी पाहावेत. कुकरच्या शिट्टीला, मिक्सरला तो सरावतो, कारण ते रोजचे असतात. दिवाळीच्या फटाक्यांना किंवा मिरवणुकीतल्या ढोल-ताशांना तो सरावत नाही. त्यांचा हादरा फरशीतून पिंजऱ्यात शिरतो. अशा दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत, भिंतीपासून थोडा सुटा ठेवावा, खाली जाड सतरंजी घालावी, तीन बाजूंनी चादर सोडून चौथी वाऱ्यासाठी मोकळी ठेवावी. २७ अंशांपुढे तापमान गेले तर भीतीपेक्षा उष्माघात मोठा धोका ठरतो. वास हेही मोठे कारण आहे: शेजारच्या मांजराला कुरवाळून आलेला हात, रात्री पिंजऱ्याभोवती फिरून गेलेला उंदीर, फिनेलने पुसलेला तळ. गॅलरीत असेल तर कावळा आणि मांजर धरून चालावे. जोडीदार गेला की उरलेला गिनीपिगही बुजतो, कारण पहारा देणारे दुसरे कान नाहीसे झालेले असतात.

बुजलेल्या जनावराला ओढून बाहेर काढू नये. आधी लेंड्या पाहाव्यात: लहान, कोरड्या किंवा कमी झाल्या असतील तर पोट थांबत चालले आहे. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर, टोपलीत बसवून वजन घ्यावे आणि रोज त्याच वेळी लिहून ठेवावे. ९०० ग्रॅमच्या गिनीपिगचे आठवड्यात ८०–९० ग्रॅम घटले तर पशुवैद्य गाठावा. १२ तास काहीच खाल्ले नसेल तर वजनाची वाट पाहू नये. गिनीपिग हाताळण्याची सवय सगळ्याच पशुवैद्यांना नसते, म्हणून आधी फोन करून विचारलेले बरे. घरात उरलेले अॅमॉक्सिसिलिन कधीही देऊ नये; पेनिसिलिन गटाची औषधे त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून जीव घेऊ शकतात.

शरीर ठीक असेल तर जागा सुधारावी. दोन जनावरांना निदान १२० × ६० सें.मी. मोकळा तळ आणि प्रत्येकाला वेगळी लपण्याची जागा लागते. त्या जागेला दोन तोंडे हवीत. एकच तोंड असले की दांडगा जोडीदार वाट अडवतो आणि आतला कोंडला जातो. ‘लपायलाच नको, म्हणजे सवय होईल’ म्हणून घरटी काढून घेणे ही सर्रास होणारी आणि वाईट चूक आहे. ज्याला आसरा नाही तो बाहेर यायचे धाडस करत नाही. साफसफाई करताना मूठभर जुने अंथरूण परत घालावे, म्हणजे स्वतःचा वास शिल्लक राहतो. पिंजरा टेबलाच्या उंचीवर असला की हात आपोआप समोरून, खालून जातो. रोज ठरल्या वेळी दहा मिनिटे शेजारी बसून हळू बोलावे, काडी पुढे करावी आणि तो घेईल तेव्हाच घेऊ द्यावी. उचलायचे झाल्यास एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली धरून छातीशी टेकवावे, तेही जमिनीवर बसून. भरवसा परत यायला काही दिवस लागतात, कधी महिनाही. मागचे पाय बाजूला पसरून, हनुवटी अंथरुणावर टेकून तो उघड्यावर पडू लागला की भीती गेली असे समजावे.