न वापरलेल्या विजेचं मोजमाप

उन्हाळा संपता संपता कार्यालयांच्या इमारतींत एक वाद हमखास रंगतो. वर्षभरापूर्वी जुना चिलर, म्हणजे इमारतीच्या एसीसाठी पाणी गार करणारं मोठं यंत्र, बदलला, मजल्यामजल्यावर सेन्सर लावले, लाखो रुपये घातले. आणि मे महिन्याचं वीजबिल पाहावं तर गेल्या मेपेक्षा जास्तच! ‘मग बचत झाली कुठे?’ असं समितीतले लोक विचारतात. काम करून देणारी कंपनी म्हणते, ‘हे काम केलं नसतं तर बिल याहून मोठं आलं असतं.’ ऐकणाऱ्याला ही सरळ पळवाट वाटते. पण कंपनीचं म्हणणं खरं असू शकतं, आणि ते खरं की थाप हे तपासायची रीतसर पद्धत आहे. मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते ती हीच पद्धत.

आधी अशा कामांच्या कराराबद्दल थोडं. ‘कामगिरीवर आधारित करार’ म्हणजे कंपनी स्वतःच्या खर्चाने, किंवा बचतीची हमी देऊन, इमारतीत सुधारणा करते आणि तिला पैसे मिळतात ते वाचलेल्या ऊर्जेतून. वीज वाचली नाही तर तोटा कंपनीचा. अशा कंपन्यांना ‘एस्को’ म्हणतात. बर्लिन शहर १९९६पासून आपल्या सार्वजनिक इमारतींसाठी असे करार करत आलं आहे. आपल्याकडे २०१५मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमात ईईएसएल या सरकारी कंपनीने याच धर्तीवर नगरपालिकांचे दिवे बदलले: गुंतवणूक कंपनीची, परतफेड वाचलेल्या बिलातून. पथदिव्यांचा हिशेब सोपा असतो. जुना दिवा किती वॅटचा, नवा किती वॅटचा, रात्री किती तास जळतो, एवढं कळलं की झालं. इमारतीत मात्र ऊन, पाऊस, माणसं, सुट्ट्या, भाडेकरू असं सगळंच हलत असतं.

या कराराची कल्पना संगणकयुगातली नाही. जेम्स वॉट आणि मॅथ्यू बोल्टन यांनी अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणमालकांशी असाच सौदा केला होता. तिथे खाणीतलं पाणी उपसायला न्यूकोमेनची वाफेची इंजिनं होती आणि त्यांना लागणारा कोळसा वेल्समधून जहाजाने आणावा लागे. वॉटचं इंजिन तेवढंच पाणी बऱ्याच कमी कोळशात उपसायचं. बोल्टन-वॉटचा मोबदला ठरला वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश. पण न जाळलेला कोळसा मोजायचा कसा? त्यासाठी जुन्या इंजिनांची चाचणी घेऊन, ती एका बुशेल (तेव्हाचं एक माप) कोळशात किती काम करतात हे आधी ठरवून घेतलं गेलं. नव्या इंजिनाच्या वरखाली झुलणाऱ्या तुळईवर फेरे मोजणारं एक गणकयंत्र बसवून ते पेटीत कुलूपबंद केलं. किती फेरे झाले यावरून किती पाणी उपसलं ते कळे आणि तेवढ्या पाण्याला जुन्या इंजिनाने किती कोळसा खाल्ला असता ते काढता येई. तरी भांडणं झालीच, आणि पुढे अनेक ठिकाणी ठरावीक वार्षिक रकमेवर तडजोड करावी लागली.

जुनं इंजिन आज चालू असतं तर काय झालं असतं, या कल्पित आकड्याला आज ‘बेसलाइन’ म्हणतात. अख्खा करार या एका आकड्यावर उभा असतो.

इमारतीची बेसलाइन कशी काढतात ते एका काल्पनिक इमारतीवर पाहू. सुधारणा करण्याआधी वर्षभर रोजचा वीजवापर आणि रोजचं सरासरी तापमान लिहून ठेवायचं. मग आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर युनिट असा आलेख काढायचा. ठिपके विखुरलेले असतात, पण त्यांतून आकार दिसतो. २२ अंशांपर्यंत ठिपके साधारण एका पातळीत, रोज २,००० युनिटच्या आसपास. हा दिवे, लिफ्ट, संगणक यांचा वापर. २२ अंशांनंतर रेषा वर चढू लागते, कारण एसीचं ओझं सुरू होतं. समजा, प्रत्येक अंशाला १५० युनिट वाढतात. म्हणजे बेसलाइनचं समीकरण झालं: २,००० अधिक १५० गुणिले २२च्या वरचे अंश. शाळेत शिकलेलं सरळ रेषेचं समीकरणच हे, फक्त २२ अंशांपाशी कोपर वाकवलेलं.

गेल्या मेमध्ये ३० अंश सरासरीच्या दिवशी वापर होता ३,२०० युनिट. यंदा चिलर बदलला, पण उन्हाळा कडक. सरासरी ३२ अंश. बेसलाइन सांगते, जुन्या यंत्रणेने ३,५०० युनिट खाल्ले असते. मीटरवर आले २,९७५. खरी बचत ५२५ युनिट, म्हणजे १५ टक्के. नुसती दोन वर्षांची बिलं शेजारी ठेवली तर दिसते फक्त २२५. उन्हाळा आणखी तापला असता, तर खरी बचत होऊनही बिल वाढलेलंच दिसलं असतं. आता उलटा दिवस घ्या. ढगाळ, पावसाळी हवा, सरासरी २७ अंश, मीटरवर २,७५०. गेल्या वर्षीच्या ३,२००शी तुलना केली तर ४५० युनिट वाचल्यासारखे दिसतात. पण बेसलाइनही २,७५०च येते. म्हणजे त्या दिवशी वाचलं शून्य, श्रेय पावसाचं. ज्या करारात नुसती ‘मागील वर्षाच्या बिलाशी तुलना’ लिहिलेली असते, त्यात अशा पावसाचे पैसे मालकाच्या खिशातून जातात.

मोजमापाची अशी शिस्त नव्वदच्या दशकात अमेरिकेत आखली गेली आणि आज ती ‘आयपीएमव्हीपी’ या नावाने जगभर वापरली जाते. तापमानाखेरीज बाकीचे बदलही तीत धरावे लागतात. २०२०च्या टाळेबंदीत कार्यालयं ओस पडली आणि वीजवापर आपोआप घसरला. ती घसरण कंपनीच्या कामाची नव्हती, हे उघड आहे. म्हणून करारात आधीच लिहावं लागतं की माणसांची संख्या, कामाचे तास किंवा एखादा नवा सर्व्हर-रूम यांमुळे बेसलाइन कशी बदलेल.

बेसलाइन न मोजता टक्केवारी सांगणाऱ्यांपासून सावध राहावं. ऑनलाइन विकली जाणारी प्लगमध्ये खोचायची ‘पॉवर सेव्हर’ डबी घ्या. आत बहुतेकदा एक छोटा कपॅसिटर आणि एक एलईडी असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा, थोडा सुधारतो, तारेतला प्रवाह किंचित कमी होतो. पण घरगुती बिल लागतं ते प्रत्यक्ष खर्च झालेल्या ऊर्जेचं, किलोवॅट-तासांचं, आणि ती तेवढीच राहते. उच्चदाबाच्या ग्राहकांना महाराष्ट्रात पॉवर फॅक्टरही जमेस धरणाऱ्या केव्हीएएच पद्धतीने बिल लागतं, तिथे योग्य मापाचे कपॅसिटर खरोखर उपयोगी पडतात. घरात ती डबी म्हणजे निव्वळ फसवणूक. ‘आमचं एआय ३० टक्के वीज वाचवतं’ म्हणणाऱ्यालाही पहिला प्रश्न हाच विचारावा: कशाच्या तुलनेत?

आता या हिशेबात नवी गुंतागुंत आली आहे. किती वीज वापरली याइतकंच, ती केव्हा वापरली याला महत्त्व आलं आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते. सूर्य मावळला की ती जाते आणि नेमकी तेव्हाच मागणी चढते. केंद्राच्या २०२३च्या नियमांनुसार १० किलोवॅटवरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४पासून सौर तासांत किमान २० टक्के स्वस्त आणि कमाल मागणीच्या तासांत किमान २० टक्के महाग वीज, असं दरांचं धोरण ठरलं. म्हणून इमारतीची लवचीकता, म्हणजे वापर पुढेमागे सरकवण्याची क्षमता, ही विकण्याजोगी गोष्ट झाली.

ही लवचीकता येते कुठून? बॅटरी हे एक उत्तर झालं. पण मोठा साठा इमारतीच्या अंगातच असतो. एक चौरस मीटर फरशीवरची तीन मीटर उंचीची हवा एक अंशाने गार करायला साधारण ३.६ किलोजूल उष्णता काढावी लागते. त्याच फरशीखालचा १५ सेंटिमीटर काँक्रीटचा स्लॅब एक अंशाने गार करायला ३००हून अधिक. म्हणजे दुपारी स्वस्त विजेवर स्लॅब गार करून ठेवला, तर संध्याकाळी चिलर मंद करूनही खोली लगेच तापत नाही. जाड भिंतींचा जुना वाडा दुपारी गार राहतो तो याच गुणामुळे. अर्थात काही तासांत स्लॅबचे वरचे थोडेच सेंटिमीटर कामाला येतात, आणि वर गालिचा, खाली फॉल्स सीलिंग असेल तर हवा आणि काँक्रीट यांची गाठच पडत नाही. इमारत ‘स्मार्ट’ आहे की नाही हे पाहताना लोक ॲप बघतात. मी आधी छत बघेन.

पण बचत आणि लवचीकता एकमेकींच्या आड येतात. समजा, संध्याकाळचे ४०० युनिट टाळायला दुपारी ४६० युनिट जादा खर्च झाले, कारण साठवलेला गारवा थोडा गळतोच. मूळ दर १० रुपये धरला तर दुपारचा खर्च वाढला ३,६८० रुपयांनी आणि संध्याकाळचा घटला ४,८०० रुपयांनी. मालकाचा फायदा १,१२० रुपये. युनिट मात्र ६० जास्तच गेले! करार फक्त वाचलेल्या युनिटवर असेल तर एस्कोला याबद्दल दंड बसेल आणि ती असलं काही करणारच नाही. शिवाय चिलर जितका कार्यक्षम, तितकं त्यातून कमी करण्यासारखं कमी उरतं. युरोपीय संघाच्या निधीतून झालेल्या ‘ॲम्बियन्स’ प्रकल्पात या दोन गोष्टी एका करारात बसवण्याचा प्रयत्न झाला. त्यामागचा विचार मला पटतो: हिशेब युनिटचा न ठेवता तासागणिक रुपयांचा, आणि जमल्यास कार्बनचा ठेवायचा.

तरी बेसलाइनचा पेच उरतोच, उलट तो जास्त टोकदार होतो. विद्युत कंपनी म्हणते, आज सहा ते आठ वापर कमी करा, कमी केलेल्या प्रत्येक युनिटला पैसे देऊ. कमी कशापेक्षा? सर्वसाधारण रीत अशी की आधीच्या दहा कामाच्या दिवसांची त्याच तासांची सरासरी घ्यायची आणि आजचा दिवस जास्त गरम असेल तर दुपारच्या वापराच्या प्रमाणात ती वर-खाली सरकवायची. आता ज्या इमारतीने प्रामाणिकपणे दुपारी स्लॅब गार केला, तिचा दुपारचा वापर वाढला. म्हणून संध्याकाळची बेसलाइनही वर सरकली आणि तिला जास्तीचे पैसे मिळाले. तिने फसवणूक केलेली नाही, पण सूत्र फसलं आहे. सूचना मिळण्याआधीचेच तास जमेस धरले तर हे बरंचसं टळतं.

मुद्दाम फसवणारेही असतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात रम्फर्ड इथल्या कागद गिरणीवर आरोप झाला तो असा: २००७मध्ये बेसलाइन ठरत असताना तिने स्वतःची वीजनिर्मिती कमी करून ग्रिडची वीज जास्त घेतली आणि मग नेहमीची निर्मिती सुरू करून ‘मागणी कमी केली’ म्हणून पैसे घेतले. प्रकरण केंद्रीय नियामकापर्यंत गेलं आणि २०१३मध्ये एक कोटी डॉलरच्या दंडावर मिटलं.

यावर मला आवडणारा उपाय औषधांच्या चाचण्यांमधून आलेला आहे: सोडत. करारातच लिहायचं की हंगामातल्या साधारण एक तृतीयांश दिवशी सोडतीने लवचीकतेची यंत्रणा बंद राहील आणि इमारत नेहमीसारखी चालेल. कोणता दिवस कोणत्या चिठ्ठीचा हे आधी ना मालकाला ठाऊक, ना एस्कोला. मग चालू दिवस आणि बंद दिवस यांच्या सरासरीतला फरक हीच बचत. तापमानाचं समीकरण त्यात नुसती अचूकता वाढवायला वापरायचं. बेसलाइन फुगवायची तर ती रोजच फुगवावी लागेल, आणि त्याचं बिल स्वतःलाच भरावं लागेल. अडचण एवढीच की दोन-चार दिवसांत निकाल लागत नाही. रोजचे चढउतार मोठे असतील तर पूर्ण उन्हाळा लागतो, दर पंधरा मिनिटांची मीटर-नोंद लागते, आणि बंद दिवसांच्या कमाईवर पाणी सोडायला दोन्ही बाजू करारावर सही करण्याआधीच तयार असाव्या लागतात.