टीसी-वन की टीसीआर? थाई ड्रायव्हरचे निकाल वाचण्याआधी

२०१५ साली थायलंडच्या बुरीराममध्ये लागोपाठच्या दोन वीकेंडना टूरिंग कारच्या, म्हणजे शोरूममधल्या मॉडेलवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या, आंतरराष्ट्रीय शर्यती झाल्या. ऑक्टोबरअखेर टीसीआर इंटरनॅशनल सिरीज, आणि १ नोव्हेंबरला डब्ल्यूटीसीसी, म्हणजे वर्ल्ड टूरिंग कार चॅम्पियनशिप. ट्रॅक तोच: बुरीराम युनायटेडच्या फुटबॉल स्टेडियमला लागून असलेलं ४.५५४ किलोमीटरचं चांग सर्किट. होंडा सिव्हिक दोन्हीकडे. टीव्हीवर बघणाऱ्याचा गोंधळ उडाला तर त्यात त्याची काहीच चूक नाही.

पण टिन श्रीत्राईसारख्या थाई ड्रायव्हरची कारकीर्द समजून घ्यायची, तर या दोन सिव्हिक वेगळ्या ओळखता यायला हव्यात: एक टीसी-वन नियमांची, दुसरी टीसीआर नियमांची.

डब्ल्यूटीसीसीत २०१४ पासून टीसी-वन नियमांच्या गाड्या धावत. इंजिन १.६ लिटर टर्बो, ताकद साधारण ३८० हॉर्सपॉवर, वजन कमी, मागे भलामोठा विंग. आकार शोरूममधल्या गाडीचा, आतला बराचसा माल मात्र खास शर्यतीसाठी बनवलेला. फ्रेंच कंपनी सित्रोएनने त्यात एवढा पैसा ओतला की तिच्या ड्रायव्हरने, होसे मारिया लोपेसने, २०१४ ते २०१६ अशी सलग तीन विजेतेपदं खिशात घातली. अशी गाडी मिळवायची तर पाठीशी कंपनी हवी किंवा तगडा प्रायोजक. आशियातल्या स्थानिक ड्रायव्हरला फार तर घरच्या फेरीत पाहुणा म्हणून उतरता यायचं.

टीसीआरचा हिशेब उलटा. मार्चेल्लो लोत्ती आधी डब्ल्यूटीसीसीच चालवत होते. तिथून बाहेर पडून त्यांनी हा स्वस्त पर्याय उभा केला. सुरुवातीचा नमुना होता स्पॅनिश कंपनी सेआतची लेऑन कप रेसर. इथे इंजिन दोन लिटरपर्यंतचं टर्बो, ताकद साडेतीनशेच्या आत-बाहेर, बॉडी शेल (गाडीचा सांगाडा) शोरूममध्ये विकल्या जाणाऱ्या गाडीचं. कंपनीचा अधिकृत संघ चालत नाही. गाडी विकत घ्यायची आणि पळवायची. कुणाची गाडी जास्तच वेगवान निघाली तर ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’, म्हणजे गाड्या बरोबरीत आणण्याच्या नियमाखाली तिचं वजन वाढवतात, जमिनीपासूनची उंची बदलतात, इंजिनची ताकद कमी करतात. त्यामुळे टीसीआरच्या निकालात गाडीपेक्षा ड्रायव्हर जास्त दिसतो, असं माझं मत. न पटणारेही भरपूर आहेत. कुणाच्या गाडीवर किती वजन टाकायचं यावरून पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या संघांच्या तळावर, भांडणं नेहमीचीच.

थाई ड्रायव्हरला खरा फायदा झाला तो इथेच. तीच गाडी घेऊन तो देशातल्या टीसीआर थायलंडमध्ये उतरू शकत होता, मग टीसीआर आशियात, आणि आंतरराष्ट्रीय मालिका बुरीरामला आली की तिथेही. श्रीत्राईने सिव्हिकमधून हीच वाट धरली. बुरीरामला तर घरच्या ड्रायव्हरचं पारडं थोडं जडच. या सगळ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्या: वळायचं पुढच्या टायरांनी, जोर लावायचा त्यांनीच आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी तिसऱ्या वळणाला कचकन ब्रेक मारायचा, तोही इसानच्या, म्हणजे ईशान्य थायलंडच्या, उन्हात. पहिल्याच लॅप्समध्ये टायर जाळले तर उरलेल्या शर्यतीत गाडीचं नाक वळता वळत नाही. हे ज्याला सवयीने ठाऊक आहे तो सुरुवातीला हात राखून चालवतो. चोनबुरी किनाऱ्यावरच्या बांगसेनच्या, दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या शर्यतीच्या रस्त्यांवर सराव झालेला असेल तर भिंतीला घासून जायचीही भीती उरत नाही.

२०१८ मध्ये गुंता आणखी वाढला. डब्ल्यूटीसीसी बंद झाली, टीसीआर इंटरनॅशनलही थांबली, आणि दोन्ही मिळून डब्ल्यूटीसीआर आली. नाव जुन्या स्पर्धेसारखं, पण गाड्या पूर्णपणे टीसीआरच्या. शिवाय ही चॅम्पियनशिप नव्हे, वर्ल्ड कप. म्हणजे २०१६ च्या निकालात ‘डब्ल्यूटीसीसी’ दिसलं तर गाडी बहुतेक टीसी-वन समजायची, आणि २०१९ च्या निकालात ‘डब्ल्यूटीसीआर’ दिसलं तर ती टीसीआरच. २०२२ नंतर तीही संपली. २०२३ पासून टीसीआर वर्ल्ड टूर सुरू आहे.