डिस्क सापडत नाही की नुसती दिसत नाही?

ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट झालं, संगणक पुन्हा सुरू झाला आणि डी ड्राइव्ह गायब. या एकाच तक्रारीमागे दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. एकात डिस्क संगणकाला व्यवस्थित सापडलेली असते, पण आपल्यासमोर मांडलेली नसते. दुसरीत डिस्क संगणकालाच सापडलेली नसते. फाइल एक्सप्लोररमध्ये दोन्ही वेळा सारखंच दिसतं, म्हणजे काहीच दिसत नाही. म्हणून लोक दोन्हींवर एकच इलाज करतात. अपडेटने सहसा डेटाला हातही लावलेला नसतो. डेटा जातो तो नंतरच्या घाईत, चुकीच्या खिडकीतल्या चुकीच्या बटणावर. त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्याआधी आपली परिस्थिती यांतली कोणती हे ठरवायला हवं. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. वरची यादी सोडून द्या, खालचा अर्धा भाग पाहा. तिथे डिस्क ०, डिस्क १ अशा ओळी असतात आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक खरीखुरी डिस्क. तुमची डिस्क तिच्या क्षमतेवरून ओळखा. १ टीबीची डिस्क तिथे साधारण ९३१ जीबी अशी दिसते, ते बरोबरच आहे. मॅकवर डिस्क युटिलिटीच्या व्ह्यू मेनूतून ‘शो ऑल डिव्हाइसेस’ निवडा, कारण नुसती डिस्क युटिलिटी उघडली तर प्रत्यक्ष उपकरणांची यादी दिसेलच असं नाही. लिनक्सवर ‘डिस्क्स’ हा प्रोग्रॅम तेच काम करतो. इथे डिस्क दिसली तर ती सापडलेली आहे. नसेल तर प्रश्न वेगळा आहे, आणि त्याची उत्तरंही वेगळ्या ठिकाणी शोधायची.

आधी सापडलेल्या डिस्कचं पाहू, कारण इथे बहुतेक वेळा सगळं जसंच्या तसं परत मिळतं.

सगळ्यात साधं कारण म्हणजे अक्षर हरवणं. डी किंवा ई हे अक्षर ड्राइव्हचा मूळ भाग नसतं. कोणत्या पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या कोणत्या विभागाला, कोणतं अक्षर, ही नोंद विंडोज स्वतःच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या वहीत, ठेवतं. मोठ्या अपडेटमध्ये विंडोजची जवळजवळ नवी प्रत बसते आणि या नोंदी नव्या प्रतीत आणल्या जातात. त्यात एखादी राहिली की पार्टिशन धडधाकट असूनही एक्सप्लोररमध्ये येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये निळ्या पट्टीखाली ‘हेल्दी’ लिहिलेलं असतं, फक्त अक्षर नसतं. त्या पार्टिशनवर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून अक्षर द्या आणि शक्यतो पूर्वीचंच द्या. डीचा ई झाला तरी फाइली उघडतात, पण डी धरून बसलेले शॉर्टकट, बॅकअपची कामं आणि गेम्सच्या लायब्ऱ्या ‘फाइल नाही’ म्हणू लागतात. मग ड्राइव्ह समोर असतानाही तो हरवल्यासारखा वाटतो. संगणक सुरू करायला आणि दुरुस्तीला लागणाऱ्या, काहीशे एमबीच्या ईएफआय किंवा रिकव्हरी पार्टिशनला मात्र अक्षर देऊ नका. ती लपलेलीच असायला हवीत.

दुसरं कारण ‘ऑफलाइन’. हे बहुधा डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, काढलेल्यांच्या वाट्याला येतं. मूळ डिस्क आणि क्लोन यांची ओळख-सही एकच असली की विंडोज त्यांतल्या एकीला बाजूला बसवतं. डावीकडच्या करड्या चौकटीवर राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ निवडलं की ती परत येते. मात्र त्या वेळी विंडोज तिला नवी सही देतं. तो क्लोन अडीअडचणीला बूट करण्यासाठी जपून ठेवला असेल तर त्यानंतर तो बूट होईलच याची खात्री राहत नाही. ‘फॉरेन’ असं दिसलं तर ती डायनॅमिक डिस्क (विंडोजच्या एका वेगळ्या पद्धतीने विभागलेली) असते आणि तिच्यासाठी ‘इम्पोर्ट फॉरेन डिस्क्स’ हा पर्याय आहे.

तिसरं कारण कुलूप. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, असेल तर अपडेटनंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की बहुतेक संगणकांवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. त्यामुळे ‘मी तर असं काही लावलंच नव्हतं’ म्हणणाऱ्यांनीही आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन की शोधावी. ती बहुधा तिथे जपलेली असते. की नसेल तर कोणतंही रिकव्हरी सॉफ्टवेअर ते कुलूप उघडत नाही. तशी हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका.

मॅक आणि लिनक्सवर या प्रकाराची रूपं वेगळी आहेत. मॅकवर कधी फाइंडरच्या सेटिंगमधली ‘एक्स्टर्नल डिस्क्स’पुढची खूणच गेलेली असते. कधी एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडण्याची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम) असलेल्या डिस्कवर लिहिण्यासाठी घेतलेलं बाहेरचं ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, नव्या मॅकओएसवर चालेनासं होतं. मॅक स्वतः एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. लिनक्सवर एफएसटॅब या, सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या, फाइलीतली जुनी नोंद अडचण करते. डिस्क सापडली नाही तर बूट दीड मिनिट ताटकळतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असताना ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे. एनटीएफएस पार्टिशन अर्धवट उघडं राहतं आणि लिनक्स ते माउंट करायला, म्हणजे वापरासाठी जोडायला, नकार देतं किंवा फक्त वाचू देतं. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं की हा त्रास संपतो.

आता सगळ्यात धोक्याची जागा, जिथे बहुतेकांची गफलत होते. डिस्क मॅनेजमेंट उघडताच कधी ‘डिस्क इनिशलाइझ करा’ अशी चौकट समोर येते. एक्सप्लोरर कधी म्हणतं, ‘हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा.’ दोन्ही वाक्यं मदतीच्या सुरात लिहिलेली आहेत आणि दोन्हींना एकच उत्तर आहे: कॅन्सल. इनिशलाइझ केल्याने फाइली पुसल्या जात नाहीत, पण कोणतं पार्टिशन कुठून कुठपर्यंत आहे हे सांगणारा तक्ता नव्याने, रिकामा लिहिला जातो. फॉरमॅट त्याहून वाईट. साध्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट झालं तरी बराच डेटा जागेवर राहतो. एसएसडीवर तसं नाही. तिथे फॉरमॅट करताना विंडोज डिस्कला ‘ट्रिम’ची आज्ञा देतं, म्हणजे ही जागा आता मोकळी आहे असं कळवतं. त्यानंतर जुना डेटा परत मिळण्याची आशा जवळपास सोडावी लागते. विंडोजला ओळखता न येणारी लिनक्सची किंवा मॅकची डिस्क जोडली तरीही फॉरमॅटची हीच चौकट येते. म्हणजे ती चौकट डिस्क बिघडल्याचा पुरावा नाही. विंडोजला आतलं वाचता आलं नाही, एवढाच तिचा अर्थ.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘रॉ’, म्हणजे फाइल सिस्टिम ओळखता आली नाही, असं दिसलं तरी हेच. २०२० साली विंडोज १०ची २००४ ही आवृत्ती आली, तेव्हा पॅरिटी पद्धतीच्या स्टोरेज स्पेसेस (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची विंडोजची सोय) वापरणाऱ्या काहींची पार्टिशनं डिस्क मॅनेजमेंटमध्ये रॉ दिसू लागली. तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टनेच ‘चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासण्याचं साधन) चालवू नका’ असं बजावलं होतं. मला ही सूचना फार मोलाची वाटते. कारण कुठेही काही अडलं की ‘चेकडिस्क चालवा’ हाच सल्ला मिळतो. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं. तुमच्या फाइली वाचवणं हे तिचं काम नाही. सुसंगत करताना तिला जे जुळत नाही ते ती खुशाल छाटून टाकते.

पार्टिशनचा तक्ताच गेला असेल, म्हणजे संपूर्ण डिस्क ‘अनअलोकेटेड’ दिसत असेल, तर टेस्टडिस्क हा क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा मुक्त प्रोग्रॅम आधी वापरून पाहावा. तो हरवलेली पार्टिशनं शोधून तक्ता पुन्हा लिहू शकतो. जीपीटी या आताच्या, तक्ता लिहिण्याच्या पद्धतीच्या डिस्कवर या तक्त्याची एक प्रत अगदी शेवटी ठेवलेली असते, तिचाही उपयोग होतो. मात्र टेस्टडिस्कमध्ये ‘राइट’ करण्याआधी सापडलेल्या पार्टिशनमधल्या फाइलींची यादी तिथेच उघडून पाहा. तुमची फोल्डर्स ओळखू आली तरच पुढे जा.

दुसऱ्या प्रकाराकडे वळू. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ओळच नाही. आता अक्षरं, टेस्टडिस्क, रिकव्हरी सॉफ्टवेअर यांतलं काहीही उपयोगी नाही, कारण ज्यावर काम करायचं तीच गोष्ट संगणकापुढे नाही.

इथे निर्णायक प्रश्न एकच: बायोसमध्ये, म्हणजे आताच्या यूईएफआयमध्ये (संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये), डिस्क दिसते का? ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधी यूईएफआय स्वतः डिस्कांची यादी करतं. तिथे डिस्क आहे आणि विंडोजमध्ये नाही, तर दोष मधल्या ड्रायव्हरचा, आणि इथे अपडेटवर संशय घेणं रास्त आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलर्सखाली पाहा, पिवळी खूण असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून बघा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर व्हीएमडी नावाची, एसएसडी इंटेलच्या कंट्रोलरमार्फत जोडणारी, सोय चालू असते. तिचं ड्रायव्हर नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉलरलाही एसएसडी दिसत नाही आणि माणूस नवी डिस्क विकत घ्यायला निघतो. ते ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून मिळतं. मोठं अपडेट मागे घेण्याची सोयही आहे, पण साधारणपणे १० दिवसच. नंतर जुनी प्रत पुसली जाते.

यूईएफआयमध्येही डिस्क नसेल तर विंडोजचं अपडेट जवळपास निर्दोष ठरतं. अपवाद फर्मवेअरचा, म्हणजे संगणकाच्या चिपांमधल्या मूळ प्रोग्रॅमचा. विंडोज अपडेटमधून कधी कधी लॅपटॉपचं फर्मवेअरही येतं आणि त्यात साटा (डिस्क जोडण्याची एक पद्धत) किंवा व्हीएमडीचं सेटिंग मूळपदावर गेलेलं असू शकतं. ते तपासा, पण एएचसीआय (डिस्क सुट्या चालवणं) आणि रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणं) या सेटिंग्जची अदलाबदल करून ‘बघू काय होतं’ असा खेळ करू नका. विंडोज बूट व्हायचं थांबू शकतं आणि डिस्क खरोखरच रेडमध्ये असतील तर धोका आणखी मोठा. त्याआधी शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करा म्हणजे संगणक पूर्ण बंद होईल. वीज काढा, थोडा वेळ थांबा, केबल दोन्ही टोकांना नीट बसवा. बाहेरून जोडायची डिस्क असेल तर हब सोडून थेट पोर्टला लावा. साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर लागतो, यूएसबीच्या विजेवर ती चालत नाही.

‘पण कालपर्यंत तर चालत होती, अपडेटनंतरच गेली’ हा युक्तिवाद खूप स्वाभाविक आहे. तो दर वेळी खरा नसतो. ऑगस्ट २०२५मध्ये विंडोज ११च्या सुरक्षा अपडेटबद्दल अशीच ओरड झाली: अर्ध्याहून जास्त भरलेल्या एसएसडीवर एका दमात ५० जीबीच्या आसपास लिहिलं की डिस्क चालू संगणकातून नाहीशी होते. फिसन या कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीने ४,५०० तासांहून जास्त चाचण्या केल्या, तरी तो दोष पुन्हा घडवता आला नाही. मायक्रोसॉफ्टलाही अपडेट आणि डिस्क बिघडणं यांत संबंध आढळला नाही. ज्यांच्या डिस्क गेल्या त्यांचं नुकसान खरंच होतं. पण मोठं अपडेट हीच डिस्कची एक परीक्षा असते. कित्येक जीबी लिहिलं जातं, वाचलं जातं, संगणक पुन्हा पुन्हा सुरू होतो. आधीच थकलेली डिस्क अशा वेळी मान टाकते, आणि आळ शेवटच्या घटनेवर येतो.

कधी कधी तिसरीच गोष्ट या दोन्हींत मिसळली जाते. ड्राइव्ह जागेवर आहे, अक्षरही आहे, पण फाइली नाहीत. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीने काही जणांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारख्या फोल्डरांतल्या फाइली खरोखरच पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं. तिथे उपाय एकच, त्या ड्राइव्हवर नवीन काहीही न लिहिता बॅकअपकडे किंवा रिकव्हरीकडे वळणं.

मधूनच दिसणारी आणि मधूनच नाहीशी होणारी डिस्क सगळ्यात जास्त काळजीची. ती वरच्या दोन्हींच्या सीमेवर असते आणि तिच्याकडे वेळ कमी असतो. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ हा, वाचताना अडलेल्या जागांचा, आकडा शून्याहून जास्त असेल तर स्कॅन आणि दुरुस्ती बाजूला ठेवा. जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आधी संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करा. हा प्रोग्रॅम चांगले भाग आधी उतरवतो, अडणारे शेवटी. डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर तेही करू नका. वीज बंद करून ती तशीच डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या, आणि आधी काय काय करून पाहिलं ते त्यांना न लपवता सांगा.