नऊ हजार फेऱ्यांचं इंजिन

“अरे, किती पिळतोस गाडी! टाक की वरचा गिअर.” गाडी शिकताना हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असतं, आणि रोजच्या गाडीसाठी ते बरोबरच आहे. पण काही इंजिनं पिळण्यासाठीच घडवलेली असतात. 1999 साली जपानमध्ये आलेल्या होंडा एस2000 या दोन सीटच्या गाडीचं इंजिन त्यांतलं माझं सगळ्यात आवडतं. हवा दाबून आत भरणारा टर्बो नाही, आकार जेमतेम दोन लिटर, तरी ताकद 250 हॉर्सपॉवर आणि टॅकोमीटरवरची, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीवरची, लाल रेघ 9,000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 9,000 फेऱ्यांवर.

ही ताकद येते कुठून? इंजिनाचा टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. तो जोर मिनिटाला किती वेळा लागतो, यावरून हॉर्सपॉवर ठरते. या इंजिनाचा टॉर्क 7,500 आरपीएमला सर्वाधिक, म्हणजे 218 न्यूटन मीटर असतो. तिथे ताकद भरते साधारण 233 हॉर्सपॉवर. पुढे टॉर्क थोडा घसरतो, पण फेऱ्या त्याहून जोरात वाढतात, म्हणून 8,300 ला आकडा 250 वर जातो. जोर जवळजवळ तेवढाच, पण तो जास्त वेळा लावायचा, एवढंच गणित.

अवघड भाग आहे श्वासाचा. 9,000 आरपीएम म्हणजे सेकंदाला 150 फेऱ्या. पिस्टनला हवा आत ओढायला अर्धी फेरी मिळते, म्हणजे सेकंदाचा तीनशेवा भाग. एवढ्यात सिलिंडर भरायचा कसा? इथे हवेचं वजन कामी येतं. गर्दीच्या वेळी दादरला लोकलच्या दारात असतो तसा रेटा नळीतल्या वेगवान हवेलाही असतो. पिस्टन वर यायला लागला तरी व्हॉल्व, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, थोडा वेळ उघडा ठेवला, तर मागच्या रेट्याने आणखी हवा आत शिरते. पण हीच युक्ती कमी वेगात उलटते. तेव्हा हवेला रेटा नसतो आणि वर येणारा पिस्टन तिला बाहेर ढकलतो.

म्हणून कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, दोन प्रकारचे उंचवटे (कॅम) दिलेत. शहरात बुटके उंचवटे व्हॉल्व उघडतात. 6,000 च्या आसपास ऑइलच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, उंचवट्याचा धक्का व्हॉल्वपर्यंत नेणारे रॉकर एकमेकांना जोडले जातात आणि मधला उंच उंचवटा ताबा घेतो. व्हॉल्व जास्त आणि जास्त वेळ उघडतात. आवाज एकदम बदलतो, कानाला कळतो. हेच व्हीटेक. आपल्याकडच्या पहिल्या पिढीतल्या सिटी व्हीटेकमुळे हा शब्द अनेकांच्या ओळखीचा आहे.

आता चालवणाऱ्याचं काम. दुसऱ्या गिअरमधून 8,000 ला गिअर बदलला, तर तिसऱ्यात काटा 5,800 वर पडतो, म्हणजे इंजिन पुन्हा बुटक्या उंचवट्यांवर. तोच गिअर 9,000 ला बदलला तर काटा 6,500 ला येतो आणि ओढ तुटत नाही. हजार फेऱ्या अजून थांबण्याचा धीर, एवढाच फरक.

बाकी गोष्टी साध्या आहेत. बॉनेटखालची तापलेली हवा ओढणारा हवेचा उघडा फिल्टर लावू नका. 30 ऐवजी 60 अंशांची हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते, म्हणजे तेवढा ऑक्सिजन कमी. ऑइलची पातळी वरचेवर बघा. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, त्याला आणखी काही मिनिटं लागतात. इंजिन गार असताना गाडीचा कंप्युटर उंच कॅम जोडूच देत नाही, ते उगाच नाही.

कारण 9,000 च्या आसपास धातूवर पडणारा भार भयंकर असतो. पिस्टन वरच्या टोकावरून उलटा फिरतो, तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 4,800 पट असतं. 350 ग्रॅमचा पिस्टन धरला, तरी त्याला धरून ठेवणाऱ्या रॉडला बसणारी ओढ दीड टनाहून जास्त, अख्ख्या गाडीच्या वजनापेक्षाही. आणि हा भार वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर भार चौपट.

फेऱ्या जास्त झाल्या की लिमिटर पेट्रोल तोडतो, पण एका चुकीपुढे त्याचं काही चालत नाही. तिसऱ्यात 8,500 वर असताना घाईत चौथ्याऐवजी दुसरा पडला आणि क्लच सुटला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात. काटा 11,700 कडे धावतो. स्प्रिंग व्हॉल्वला वेळेत परत आणू शकत नाही, आणि वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आदळतो.