चीनमधलं ‘दाखवायचं लग्न’ : पार्श्वभूमी

चीनमध्ये समलिंगी मुलगा घरी जोडीदार लपवतो, तेव्हा त्याला सगळ्यात जास्त धास्ती असते ती ‘लग्न कधी?’ या प्रश्नाची. पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम तिथे नवं नाही. हान घराण्यातल्या ‘आय’ नावाच्या सम्राटाने आपल्या बाहीवर झोपलेल्या प्रियकराची, दोंग श्येनची, झोपमोड नको म्हणून ती बाहीच कापली, ही गोष्ट दोन हजार वर्षं सांगितली जातेय. या दोंग श्येनला बायकोही होती आणि तिला राजवाड्यात राहायची मुभा होती. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला प्राचीन तत्त्वज्ञ मेन्सियस याने निपुत्रिक राहणं हे आई-बापांशी केलेलं सर्वांत मोठं पाप ठरवलं होतं. वंश चालवला की बाकीच्याकडे काणाडोळा व्हायचा.

कायद्याचा बडगा पुष्कळ नंतरचा. छिंग राजवटीने १७४० मध्ये संमतीच्या संबंधांनाही शंभर फटके आणि महिनाभर गळ्यात लाकडी फळ्यांचं जोखड अशी शिक्षा लावली. १९७९ च्या फौजदारी कायद्यातलं ‘गुंडगिरी’चं कलम समलिंगी पुरुषांवरही वापरलं जाई, ते १९९७ मध्ये गेलं. २००१ मध्ये समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून निघाली. सरकार सैलावत होतं तेव्हा घर मात्र आवळत गेलं, कारण १९८० पासून २०१५ पर्यंत चाललेलं एक-अपत्य धोरण. एकुलता एक मुलगा म्हणजे नातवाची एकमेव आशा आणि म्हातारपणीची काठीही तोच. शहरांत नोकरीच्या ठिकाणी मिळणारं घरही बहुधा लग्न झालेल्यांनाच मिळे, आणि २००३ पर्यंत लग्नाच्या नोंदणीला त्याच ठिकाणचं पत्र लागे.

यातून ‘शिंगहुन’ रुजलं : समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्रीचं ठरवून केलेलं लग्न. जुळवणी इंटरनेटवर होते. पैसे वेगळे ठेवण्याचा लेखी करार आणि सणाचं वेळापत्रक आधी ठरतं : नववर्षाची पूर्वसंध्या नवऱ्याकडे, दुसरा दिवस बायकोच्या माहेरी. घोडं अडतं ते मुलावर. वर्ष-दोन वर्षांत दोन्हीकडचे आई-वडील नातू मागू लागतात. शिवाय कायद्याच्या लेखी हे लग्न खरंच असतं. नवरा अचानक गेला, तर बायको त्याच्या आई-वडिलांच्या बरोबरीची वारस. खऱ्या जोडीदाराला काही नाही. आणि जिथे असं ठरवून नव्हे, तर बायकोला काहीच न सांगता लग्न केलेलं असतं, तिथे सगळा भार तिच्यावर पडतो. आम्हाला हे लपवण्याचं सर्वांत वाईट रूप वाटतं.

२०१७ पासून आणखी एक वाट आहे. कोणीही सज्ञान माणूस लेखी करार करून आपला ‘पालक’, म्हणजे आपण असमर्थ झालो तर आपल्या वतीने निर्णय घेणारा माणूस, नेमू शकतो. तो रक्ताचाच हवा असं नाही, जोडीदारही चालतो. नोटरीकडून करार पक्का केलेला बरा. पण हे पालकत्व माणूस असमर्थ झाल्यावर सुरू होतं आणि मरणासोबत संपतं, म्हणून मृत्युपत्र वेगळं लागतं. त्यातही जोडीदाराने, मालमत्ता आपल्या नावे ठेवल्याचं कळल्यापासून ६० दिवसांत ती स्वीकारत असल्याचं सांगितलं नाही, तर हक्क सोडला असं धरतात. आणि ती नावावर करताना नोटरी सहसा कायदेशीर वारसांना, म्हणजे आई-वडिलांनाही, बोलावून घेतात.