शंका म्हणजे अविश्वास नव्हे

बायबल अभ्यासात एखादा तरुण विचारतो, "देव चांगला आहे, तर माझ्या आईला एवढ्या यातना का?" आणि कुणीतरी वडीलधारं माणूस तिथल्या तिथे निकाल देतं, "हा अविश्वास आहे बाळा, पश्चात्ताप कर." नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हे इतक्या वेळा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. त्या मुलाच्या मनात शंका होती. अविश्वास ही फार वेगळी आणि फार गंभीर गोष्ट आहे.

शंका कशी असते हे कुणाला सांगायला नको. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानालाही ती तुरुंगात आली. "येणारा तो (म्हणजे वचन दिलेला मसीहा) तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?" असं त्याने शिष्यांना पाठवून येशूलाच विचारलं. येशूने उत्तर पाठवलं आणि लगेच लोकांसमोर योहानाची थोरवी गायली. नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात तर संशयात असलेल्यांवर दया करा, अशी सरळ सूचनाच आहे.

घोळ होतो तो पुढे. शंका साठत गेली की तिचा अविश्वास होतो, जणू पाणी तापत तापत उकळावं, असं बहुतेकांना वाटतं. हे मला अजिबात मान्य नाही. प्रश्न शंकेच्या प्रमाणाचा नसून माणसाने तोंड कुठे वळवलंय याचा आहे. शंका घेणाऱ्याला उत्तर हवं असतं. अविश्वास धरणाऱ्यापुढे उत्तर येऊन उभं असतं, पण ते मानलं तर आयुष्य बदलावं लागेल म्हणून तो ते नाकारतो. योहानाच्या शुभवर्तमानातला तिसरा अध्याय नेमकं हेच सांगतो: प्रकाश आला, पण माणसांना अंधार अधिक आवडला, कारण त्यांची कृत्यं वाईट होती. इथे अडचण बुद्धीची नाही, आवडीची आहे. इब्री लोकांस पत्रातही अविश्वासाचा ठपका अंतःकरणावर ठेवला आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात शंका आणि अविश्वास शेजारीशेजारी दिसतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या, त्याला देवदूत सांगतो, तुला मुलगा होईल. तो म्हणतो, हे मी कशावरून समजू? मी म्हातारा आहे. येशूची आई मरीया, तिलाही देवदूत सांगतो, तुला मुलगा होईल. ती म्हणते, हे कसं होईल? मला तर पुरुष ठाऊक नाही. वरवर दोन्ही प्रश्न सारखेच. तरी जखऱ्या मुका होतो आणि मरीयेला सविस्तर उत्तर मिळतं. जखऱ्या याजक होता, म्हातारपणी मूल झालेल्या अब्राहाम आणि सारेची गोष्ट त्याला तोंडपाठ असणार, तरी त्याला वचनावर आणखी पुरावा हवा होता. मरीया वचन धरूनच ते घडेल कसं एवढंच विचारते. आणि जखऱ्यालाही देवाने टाकलं नाही. मुलाचं नाव ठेवायच्या दिवशी त्याने पाटी मागवली, "याचं नाव योहान आहे" असं लिहिलं आणि त्याची वाचा परत आली.

जखमा पाहिल्याशिवाय येशू उठला हे मानणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्याचं काय, असं कुणी विचारेलच. येशू त्याला "अविश्वासी होऊ नकोस" म्हणाला हे खरं. पण आठ दिवसांनी थोमा होता कुठे? त्याच खोलीत, त्याच शिष्यांबरोबर. अविश्वासाच्या उंबरठ्यापर्यंत गेलेला हा माणूस मंडळी सोडून गेला नव्हता.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला फरक इथे थोडक्यात आटोपतो. कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात जाणूनबुजून धरलेला संशय आणि आपोआप येणारा संशय असे दोन प्रकार वेगळे केले आहेत. प्रोटेस्टंटांपैकी लूथरपंथीयांच्या 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात मूळ पापाची व्याख्या करताना देवाचं भय नसणं आणि देवावर भरवसा नसणं या गोष्टी आधी येतात, वासना नंतर. मला ही मांडणी जास्त पटते. दारू, व्यभिचार, चोरी ही फांद्यांची नावं झाली; मूळ आहे ते भरवसा न ठेवण्यात.

म्हणूनच "नास्तिक म्हणजे दुराचारी" हे व्यासपीठावरून ऐकलं की माझा संताप होतो. "देव नाही असं मूढ मनात म्हणतो" हे स्तोत्र 14 मधलं वचन दुसऱ्यांवर फेकायला सोपं आहे. पौलाने रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात याच स्तोत्रातल्या ओळी घेतल्या, त्या "नीतिमान कोणी नाही, एकही नाही" हे यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक) अशा सगळ्यांना लागू करण्यासाठी. त्यात उपासनेला पहिल्या बाकावर बसणारेही आले. आजाऱ्याच्या उशाशी "तुमचा विश्वास कमी पडला" म्हणणारे तर नक्कीच आले.

ज्यांनी शुभवर्तमान कधी ऐकलंच नाही त्यांना अविश्वासी म्हणणंही थांबवा. नुसतं न ऐकणं आणि ऐकून विरोध करणं यांत तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडिताने फरक केला आणि पहिल्याला पाप मानलं नाही. शिवाय ऐकल्यावरही माणसाला वेळ लागतो. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंच घ्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या काळात त्यांनी सोवळं पाळलं, भांडल्या, रडल्या, विचार केला. या वर्षांना अविश्वास म्हणायची माझी तयारी नाही.